राष्ट्रीय स्वभावास अनुसरून आरडाओरडा

देशाला स्वतःचं रॉक संगीत नाही, ही गंभीर उणीव शासनाच्या लक्षात आली आणि राष्ट्रीय स्वभाव कार्यालय स्थापन झालं. इतर देशांचं रॉक म्हणे त्यांच्या स्वभावातून उपजलं होतं. तेव्हा आपला स्वभाव नक्की होईपर्यंत कोणीही मोठ्याने गिटार वाजवू नये, असं परिपत्रक निघालं.

घोगऱ्याला मात्र घाई होती. हा गायक सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर वडिलांबरोबर राहायचा. लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती आणि बाबांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. कार्यालयाच्या राष्ट्रीय रॉक महोत्सवात वसाहतीचा कारभार पाहणारे सचिव पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांच्या तोंडावर ‘लिफ्ट चालू करा!’ असं बोंबलायचं, म्हणजे म्हातारा निदान चार पावलं मोकळ्या हवेत फिरेल, एवढाच त्याचा बेत होता.

महोत्सवात गायचं तर आधी कार्यालयाची मंजुरी लागे. तिथल्या स्वभाव-अधिकारी बाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आवाज खणखणीत आहे हो. पण राग खालून वर जातोय.”

“लिफ्टचंच गाणं आहे, मॅडम.”

“आमच्या पाहणीनुसार इथे राग वरून खाली येतो. साहेब कारकुनावर, कारकून शिपायावर, शिपाई घरी जाऊन बायकोवर. वर जाते ती विनंती. स्वभाव सोडून गायलात तर ते परदेशी संगीत धरलं जाईल.”

“मग ओरडायचंच नाही का?”

“ओरडा ना! कोण नको म्हणतंय? फक्त उलट बोलणार नाही असा माणूस बघा.”

तर ‘चालू करा’चं ‘चालू व्हावी’ झालं आणि पुढे ‘सवडीनुसार चालू व्हावी, ही नम्र विनंती’. ड्रमरला काठ्यांऐवजी बोटं वापरायची सूचना मिळाली. घोगऱ्याने सगळं मुकाट मान्य केलं. ऐन वेळी मूळ गाणंच म्हणायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

महोत्सवाला बाबाही कसेबसे जिना उतरून आले. प्रेक्षक हाताची घडी घालून बसले होते. घोगऱ्याने छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात सचिवांनी सहज वर पाहिलं आणि त्याच्या तोंडून आपसूक “नमस्कार साहेब” निघालं, तेही सुरात. पुढचं गाणं नम्र विनंतीसकट पार पडलं. सचिवांनी मान डोलावली.

परतताना दुसऱ्या मजल्यावर बाबा पायरीवर बसले.

“दमलो रे. गायलास छान. पण लिफ्टचं नीट बोलला नाहीस.”

“उठा आधी!” घोगऱ्या कडाडला. “सारखी कटकट! कोणी सांगितलं होतं यायला?”

असा सूर त्याला तालमीतही कधी लागला नव्हता. अख्खा जिना दणाणला. बाबा काही न बोलता कठडा धरून उठले. घोगऱ्याला स्वतःचीच लाज वाटली, पण तसं बोलून दाखवायचीही आपल्याकडे पद्धत नाही.

एकही दार उघडलं नाही. कोणी दचकलंसुद्धा नाही, कारण हे संगीत घराघरात पाठ होतं. तुमच्या शेजाऱ्यांनाही तुमचं पाठ आहे. ते बिचारे सांगत नाहीत, इतकंच.