एकाच वेळी तीन

वाघोलीच्या एका खाजगी विद्यापीठाने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची मिळून एकच पदवी काढली, तेव्हा आदेशात स्पष्ट म्हटले होते : 'तिन्ही विषय एकत्र शिकवावेत.' वेळापत्रकाचे काम वैजनाथ सरांकडे होते. ते हिंजवडीतली आयटीतली नोकरी सोडून शिक्षणसेवेत आलेले. त्यांनी आदेशाचे तंतोतंत पालन केले आणि तिन्ही तास रोज सकाळी दहालाच ठेवले.

"सर, तीन वर्गांत एकाच वेळी कसं बसायचं?" निकिताने विचारले. ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. देश कोण चालवतं आणि कशासाठी, हे शिकायला हौसेने आलेली.

"कॉम्प्युटर एका वेळी पन्नास कामं करतो," वैजनाथ सर म्हणाले. "तुम्हाला तीन जड जातात? आणि प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, तेवढं लक्षात ठेवा."

मुलं शहाणी होती. तेजसने वर्गाचे तीन गट पाडले. ज्याने त्याने आपल्या एकाच वर्गात बसायचे आणि उरलेल्यांच्या नावाला 'प्रेझेंट' म्हणायचे. "प्रॉक्सी नाही गं, आउटसोर्सिंग," तो निकिताला म्हणाला. "तूपण ये की."

निकिताला तिन्ही ऐकायचे होते. तिन्ही वर्गांची दारे एकाच व्हरांड्यात उघडत. मधल्या खांबापाशी उभे राहिले, की तिन्हीकडचे ऐकू येई. पहिल्या दारातून नम्रता मॅडम म्हणायच्या, "न्याय म्हणजे..." दुसऱ्यातून बापूराव सर, "...बहुमताला मान्य असेल..." आणि तिसऱ्यातून हिंमतराव सर, "...आणि परवडेल तेवढाच." आपल्याला हा विषय चांगलाच कळायला लागलाय, असे निकिताला वाटले. वर्षभर ती त्या खांबाला टेकून लिहून घेत होती.

वर्षअखेरीस साऱ्या वर्गाची हजेरी पूर्ण भरली. निकिताची तिन्ही विषयांत शून्य.

तिचे वडील बुद्धभूषण सरकारी कचेरीत होते. ते रजा टाकून आले आणि मुलीला घेऊन तिन्ही विभागप्रमुखांना भेटले.

"ती रोज दिसायची हो," नम्रता मॅडम म्हणाल्या. "पण दिसणं म्हणजे असणं नव्हे."

"बाकी कुणाची तक्रार नाही," बापूराव सर म्हणाले. "म्हणजे निर्णय लोकशाही मार्गानेच झालाय."

"वर्षभर तीन तासांचा लाभ उभ्याउभ्या घेतला," हिंमतराव सर म्हणाले. "खरं तर आम्हीच तक्रार करायला हवी होती."

शेवटी वैजनाथ सर. "व्हरांडा अभ्यासक्रमात नाही," त्यांनी विषय संपवला.

"आदेशात 'एकत्र' लिहिलंय खरं," जिना उतरताना बुद्धभूषण पुटपुटले. जन्म कचेरीत गेलेला माणूस. मग थांबून म्हणाले, "पण पोरी, एकत्र शिकलीस ती तू एकटीच."

निकिताला रडू आले. तिचे वर्ष गेले.

प्रकरण मात्र वाया गेले नाही. तिन्ही विषय एकत्र ऐकू येणारी जागा आपल्याकडे असल्याचे विद्यापीठाच्या ध्यानात आले. खांबाभोवती काचा लावल्या, एसी बसवला आणि 'आंतरविद्याशाखीय केंद्र' अशी पाटी झळकली. काचेमुळे आत काही ऐकू येत नाही, पण हजेरी बोटाच्या ठशाने आपोआप लागते. उद्घाटनाला एका आयटी कंपनीचे साहेब आले होते. वर्गाचे मनुष्यबळ इतके नेटके वाटून दिल्याबद्दल त्यांनी तेजसला तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. पालकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या.

आता तुम्ही विचारणार, त्या निकिताचे पुढे काय झाले, कुठे लागली, पॅकेज किती. ती खांबापाशी काय शिकली, हे अजून तरी कुणी विचारलेले नाही. काही हरकत नाही. प्रवेश सुरू आहेत, आणि तुमच्या मुलांची हजेरी नक्की पूर्ण भरेल.