गेंड्याच्या सावलीचे आभार

कृतज्ञता ही भावना स्वभावतः अमर्याद आहे, आणि म्हणूनच तिला चार मिनिटांची मर्यादा घालणे हे सुसंस्कृत समाजाचे कर्तव्य ठरते. आमच्या संस्थेने हे कर्तव्य ओळखून एकोणीस वर्षांपूर्वी कृतज्ञता उपसमिती नेमली. मुलांच्या पुस्तकांतील सर्वोत्कृष्ट चित्रांसाठी आम्ही दर वर्षी जो पुरस्कार देतो, तो स्वीकारताना विजेत्याला काय वाटावे हे त्याच्यावरच सोपवून चालत नाही, असा तत्पूर्वीचा अनुभव होता. (एक विजेता नुसते "बरं वाटलं" म्हणून खाली बसला. पाहुण्यांची मोटार यायला अजून अर्धा तास होता.) उपसमितीचा सचिव या नात्याने मी आजवर अठरा भाषणांचे मसुदे तपासले, त्यांपैकी सतरा मीच लिहिले होते, त्यामुळे तपासणीत फारसे दोष आढळले नाहीत.

नियम साधे आहेत. आभारास पात्र व्यक्तींचे वर्ग तीन: पहिला, ज्यांनी मदत केली, दुसरा, ज्यांना मदत करता आली असती पण त्यांनी ती केली नाही, आणि त्यायोगे विजेत्याला स्वावलंबी केले, तिसरा, जे व्यासपीठावर बसलेले आहेत. तिसऱ्या वर्गास अडीच मिनिटे. उरलेले दीड मिनिट पहिल्या दोघांनी सामोपचाराने वाटून घ्यावे.

यंदाचा पुरस्कार एका चित्रकर्तीला मिळाला. तिच्या बत्तीस पानी पुस्तकात एक गेंडा रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर येऊन बसतो आणि त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. परीक्षकांचा निकाल पाच विरुद्ध शून्य असा एकमताचा होता, आणि तो एका पानावर उभा होता. निकालपत्रातले शब्द असे: "सतराव्या पानावर गेंड्याची निळी सावली त्याच्या पायांपासून किंचित सुटलेली दिसते. ज्याला स्वतःची सावलीही सोडून चालली आहे, त्याचे एकटेपण इतक्या संयमाने आजवर कोणी रेखाटलेले नाही." (हे पान पाहताना एका परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याची नोंद पुरावा म्हणून निकालपत्रास जोडली आहे.)

निकाल जाहीर होताच आभारांसाठी आठ दिवसांत एकेचाळीस अर्ज आले. शेजाऱ्याने पुस्तकाच्या काळात आपला रेडिओ हळू ठेवला होता. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिला वीसपैकी चार गुण दिले होते, आणि जिद्द निर्माण केल्याबद्दल ते दुसऱ्या वर्गातले पहिले स्थान मागत होते. थोरल्या बहिणीने अर्ज केला नाही. तिने थेट फोन केला.

"माझं नाव आधी घे गं. माझ्या वह्यांवर रेघोट्या मारायचीस, पण मी आईला कधी सांगितलं नाही."

"ताई, तू सांगितलं होतंस. मार पडला होता मला."

"पडला ना? मग त्याचे मान आभार. उगाच का हात वळला तुझा?"

या युक्तिवादात मला काहीही उणे दिसत नाही. अडचण पुढेच आली. मसुदा देण्याच्या दिवशी चित्रकर्ती माझ्या खोलीत आली आणि तिने टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर एकच नाव होते.

"हे गृहस्थ कोण?" मी विचारले.

"मशिनमन. पुस्तक ज्यांनी छापलं ते."

"कोणत्या वर्गात घालायचे?"

"तुमचं तुम्ही बघा. सावली त्यांची आहे."

मग तिने जे सांगितले ते असे. रंगीत पान चार वेळा छापले जाते, आणि चारही रंगांचे छाप एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. गेंडा नुसत्या काळ्या शाईचा होता, सावली नुसत्या निळ्या. त्या दिवशी निळा छाप जरासा सरकला. त्याच कागदावरच्या इतर पानांवर निळे म्हणजे केवळ आभाळ होते. आभाळ सरकलेले कोणाला कळत नाही. सावलीचे मात्र कळले.

"पहिली प्रत हातात आली आणि मी रडले," ती म्हणाली. "मग प्रकाशकांना दोन पानी पत्र लिहिलं. सावली दोन मिलिमीटर सरकलीय, असल्या माणसाला यापुढे मशिनजवळ उभं करू नका, असं."

"वाक्य रेखीव आहे."

"छापखान्याच्या मालकांनाही पटलं. त्याच आठवड्यात मशिनमनना घरी बसवलं. बावीस वर्षं काम केलं होतं हो त्यांनी! मालकांना दोनदा भेटून आले, तर म्हणतात, पत्र तुमचंच आहे. आता व्यासपीठावरून सांगते. एवढ्या लोकांसमोर सांगितल्यावर तरी परत घेतील ना?"

मी तिच्यापुढे तीन आक्षेप मांडले. एक: चुकीबद्दल आभार मानले, तर पुरस्कारही चुकीला मिळाला असे सिद्ध होते, आणि चुकीला व्यासपीठावर बोलावण्याची सोय नाही. दोन: तिला जे करायचे होते ते आभारप्रदर्शन नसून क्षमायाचना होती, आणि क्षमायाचनेसाठी आमच्या नियमांत वेळच ठेवलेला नाही, कारण एकोणीस वर्षांत कोणी मागितला नाही. तीन: हे सर्व एका सुघड वाक्यात आधीच येऊन गेले होते. ते वाक्य मी तिला वाचून दाखवले: "ज्ञात-अज्ञात अशा असंख्य हातांची मी आजन्म ऋणी आहे."

"यात मशिनमन येतो," मी समजावले. "त्याचे दोन्ही हात येतात."

"त्यात मालकांचेही येतात की."

"वाक्य उदार आहे."

ती कागद तिथेच ठेवून निघून गेली. मी तातडीने परीक्षकांची बैठक बोलावली. प्रकाशक निमंत्रण नसताना आला आणि म्हणाला, "लोकांना सावली आवडलीय. कशाला उकरून काढायचं?" साधकबाधक चर्चेअंती असा ठराव झाला की, सावली हलवण्याची प्रेरणा चित्रकर्तीच्या अंतर्मनाची होती, मशिनमन हे तिचे निमित्तमात्र साधन होते, आणि साधनास बडतर्फ केल्याने कलाकृतीस बाध येत नाही. ठराव चार विरुद्ध एक मतांनी संमत झाला. (विरोधी मत देणाऱ्याने निकालपत्रातून आपले अश्रू परत मागितले. अश्रू परत देण्याची तरतूद नाही.)

समारंभाच्या दिवशी तिने माझा मसुदा चौपदरी घडी घालून पाण्याच्या पेल्याखाली ठेवला आणि माइकशी उभी राहिली.

"सतराव्या पानावरची सावली माझी नाही," ती म्हणाली. "ती मशिनवर सरकली. मला राग आला, मी तक्रार केली, आणि ज्यांच्या हातून ती सरकली त्यांची नोकरी गेली. आता त्याच सावलीबद्दल मला बक्षीस देताय. मला आभार मानायचे नाहीत. छापखान्याचे मालक समोर बसलेत, त्यांना एवढंच सांगायचंय, त्या मशिनमनना परत कामावर घ्या."

तिने मशिनमनचे नाव दोनदा उच्चारले. एकूण वेळ अठ्ठावीस सेकंद. त्यानंतर सबंध सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या तीन मिनिटे दहा सेकंद चालल्या. संस्थेच्या इतिहासातला हा उच्चांक आहे. सर्वांत आधी उभे राहिले ते छापखान्याचे मालक. कार्यक्रम संपताच ते तिच्याकडे धावत गेले.

"बाई, काय हो तुमचं मोठं मन!"

"त्यांना कधी परत घेताय?"

"तेच म्हणतोय मी! दुसरी असती तर स्वतःचं कौतुक करत बसली असती. केवढं मोठं मन!"

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तिच्या विनयावर अग्रलेख लिहिले. पुस्तकाची मागणी चौपट झाली, आणि दुसरी आवृत्ती नव्या मशिनमनने छापली. तो कामाला चोख असल्यामुळे सावली गेंड्याच्या पायांना तंतोतंत चिकटली. प्रकाशकाने सगळा माल सदोष म्हणून परत पाठवला आणि नवा मशिनमनही घरी गेला. पुन्हा असा घोळ होऊ नये म्हणून मालकांनी चूक संगणकातच कायमची बसवून घेतली. माप कुठून आणावे हा प्रश्न होता; अधिकृत कागद एकच उपलब्ध होता, तो म्हणजे चित्रकर्तीचे तक्रारपत्र. आता चूक करायलाही माणूस लागत नाही.

तिसऱ्या आवृत्तीची एक प्रत घेऊन ती जुन्या मशिनमनच्या घरी गेली. (हे तिनेच मला सांगितले, भेटीची नोंद कार्यालयात नाही.) त्याने तिला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला, खिशातले भिंग काढले आणि सतरावे पान खिडकीच्या उजेडात धरले.

"बाई, हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"यांनी दोन मिलिमीटर सरकवलीय. माझी दीड होती. दीडला सावली सुटल्यासारखी दिसते. दोनला छपाई बिघडल्यासारखी दिसते."

तिने माफी मागितली. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही मोजताना पट्टी पायाच्या रेघेच्या आतल्या बाजूनं लावली असणार. सगळे तसंच करतात." तो अजून घरीच आहे. आवृत्ती सातवी चालू आहे.

वाचकहो, इथे आपल्याला भरून आले असेल. तसे व्हावे म्हणूनच मी परिच्छेद बदलला आहे. आमच्या उपसमितीच्या मोजणीनुसार हे भरून येणे सरासरी चाळीस सेकंद टिकते आणि आपोआप ओसरते. औषध लागत नाही. सभागृहातल्या सहाशे बारा जणांनाही असेच भरून आले होते. छापखाना तिथून चालत सात मिनिटांवर आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिथे मालक वगळता त्यांच्यापैकी कोणीही गेले नाही. आपण गेला असता, असे आपल्याला वाटते आहे. अवश्य वाटू द्या. आपल्या मुलाला आपण जे चित्रांचे पुस्तक शंभर वेळा वाचून दाखवले आहे, त्यातली चित्रे कोणी काढली, ते कपाटाकडे न जाता तेवढे सांगा. छापले कोणी, हे मी विचारत नाही. आठवत नसेल तर मुळीच संकोच करू नका; टाळ्या वाजवणाऱ्यांच्या यादीत मी आपली नोंद केली आहे, क्रमांक सहाशे तेरा.