पांढऱ्यावर पांढरं

"दिसतंय का रे?"

"लांबून नाही दिसत," नवरा म्हणाला.

"किती लांबून?"

"पुढच्या चौकातून."

धाकटी मटकन पायरीवर बसली. ताईची पांढरी गाडी तिने दोन दिवसांसाठी मागून आणली होती, आणि नेमकी परत द्यायच्या दिवशी मागे घेताना लोखंडी फाटकाचा काळा रंग मागच्या दारावर चांगला वीतभर ओढून घेतला होता. भावोजी गाडी सख्ख्या भावालाही देत नसत. पण ताईने शब्द टाकला होता, "माझी बहीण आहे ती. जीव गेला तरी गाडीला धक्का लागू देणार नाही." आता धाकटी जिवंत होती आणि धक्का लागला होता. संध्याकाळी सहाला गाडी पोचवायची होती.

धाकटी महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. घाबरली की ती जास्तच पद्धतशीर व्हायची. तिने काळ्या पट्ट्यावरून नख फिरवलं. "ओरखडा नाहीये. गाडीचा रंग गेला नाही, फाटकाचा चिकटलाय. निघेल."

आणि निघालाही. दुकानातून पॉलिशचा डबा आणून मऊ फडक्याने गोल गोल चोळल्यावर दहा मिनिटांत पट्टा गायब झाला. धाकटीने हुश्श केलं.

नवरा चित्रकलेचा शिक्षक. तो चार पावलं मागे गेला आणि त्याने एक डोळा मिटला.

"आता मात्र चौकातून दिसेल."

"काय दिसेल?"

"ही चोळलेली जागा. ही पांढरी आहे. बाकीची गाडी सायीच्या रंगाची आहे. इतके दिवस आपण तिलाच पांढरी म्हणत होतो."

धाकटीला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं. तिने सगळं दार चोळलं. मग ते दार असं उजळलं की शेजारचं दार आजारी वाटायला लागलं. ते केलं, तर सगळी डावी बाजू उजव्या बाजूची सावत्र बहीण दिसायला लागली. दुपारी दोन वाजता तिने बाह्या सरसावल्या आणि पूर्ण गाडीला हात घालायचं ठरवलं.

इथे खरी अडचण सुरू झाली. पॉलिश पांढरं, गाडी पांढरी, वर डोळे दिपवणारं ऊन. कुठे लावलंय, कुठे वाळलंय, कुठे पुसलंय, काही कळेना. नवऱ्याने पुढचं झाकण मनापासून तीनदा पुसलं आणि छताला एकदाही हात लावला नाही.

"असं नाही जमायचं," धाकटी म्हणाली, आणि आत जाऊन पर्समधून एक ड्रॉपरची बाटली घेऊन आली. आदल्या दिवशी प्रयोगशाळेतून चुकून सोबत आलेली.

"हे काय?"

"दर्शक. एरवी पाण्यासारखं बिनरंगाचं, पण साबणासारखं काही भेटलं की गुलाबी होतं. पॉलिश थोडं तसंच आहे. डब्यात याचे थेंब कालवले की पॉलिश गुलाबी होईल. जिथे गुलाबी दिसेल तिथे पुसायचं राहिलंय. गुलाबी गेलं की झालं."

नवऱ्याने तिच्याकडे लग्नात पाहिलं नसेल इतक्या कौतुकाने पाहिलं.

युक्ती अफलातून चालली. चार वाजता गाडी अशी झळकत होती की नवऱ्याने तिच्या दारात बघून केस विंचरले. धाकटी निर्धास्त होऊन अंघोळीला गेली.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात एक गुलाबी गाडी उभी होती. पार छतापासून चाकापर्यंत, वाढदिवसाच्या केकसारखी गुलाबी.

"मी काही केलं नाही," नवरा बादली पाठीमागे सरकवत म्हणाला.

"बादलीत काय आहे?"

"पाणी. चाकं मळली होती, म्हटलं धुऊन टाकू. मग वरूनच ओतलं."

"नुसतं पाणी?"

"चमचाभर कपड्यांचा सोडा."

"किती चमचे?"

"वाटीभर," नवरा म्हणाला. "पण एक सांगू का? रंग फार नाजूक आलाय. माझ्या वर्गात वर्षभर शिकवून कुणाला असा—"

"व्हिनेगर आण! जेवढं मिळेल तेवढं! पळ!"

पुसूनही दर्शकाचा अंश गाडीभर उरला होता, आणि सोडा साबणाचाच भाऊ. सोड्याला उतारा आंबट. नवरा किराणा दुकानातली शेवटची बाटलीसुद्धा घेऊन आला. दोघांनी पाण्यात कालवून फडकी फिरवली, तसा गुलाबी रंग हळूहळू ओसरला. मग साध्या पाण्याने धुतली, पुसली. साडेपाचला गाडी पुन्हा शुभ्र झाली. फक्त जवळ गेलं की तोंडाला पाणी सुटत होतं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना धाकटीने ताईच्या दारात गाडी उभी केली. ताई बाहेर आली आणि जागीच थबकली.

"अगंबाई! ही आपली? अहो, बघितलंत का? नवी कोरी दिसतेय!"

भावोजी आले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी म्हणते, उद्या शोरूमला जायचं रद्दच करा," ताई म्हणाली. "हिला काय धाड भरलीय? अजून पाच वर्षं निघतील." आणि ती चहा टाकायला आत गेली.

भावोजी धाकटीजवळ सरकले. "काय केलंस हे? नव्या गाडीसाठी दोन वर्षं मागे लागलोय तिच्या. ही जुनाट दिसावी म्हणून सहा महिने फडकं लावलं नव्हतं."

"मला काय माहीत, भावोजी!"

"आणि तुला दिली ती कशासाठी? म्हटलं, नुकतीच शिकलीय, कुठेतरी नक्की घासून आणेल."

धाकटी उसळून म्हणाली, "घासली होती! मागच्या दाराला. वीतभर."

"खरंच?" भावोजींचे डोळे लकाकले. ते लगबगीने दारापाशी वाकले. "कुठाय?"

"पट्टा पुसला."

भावोजी बराच वेळ वाकलेलेच राहिले.

तेवढ्यात ताई कपबशा घेऊन आली. "अहो, मी काय म्हणते, यापुढे धाकटीला लागेल तेव्हा गाडी द्यायची. तुमच्यापेक्षा तिला हिची कदर आहे."

भावोजी ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा आशा उमटली.

"हो, हो, ने की," किल्ली धाकटीच्या हातात कोंबत ते म्हणाले. "आजच ने परत. आणि हे बघ, मोठ्या रस्त्याने फार गर्दी असते. तू आपली गल्लीबोळातून जा."