खुर्चीखालचा प्रश्न

नऊ वर्षं वाट पाहिल्यावर सूनबाईला एकदाचा मान मिळाला. मोठ्या परीक्षेच्या पेपरात कर्त्याला जुळणारं क्रियापद निवडायचे प्रश्न तिने काढायचे होते. सोमवारी सकाळी दहाला सीलबंद पाकीट पोचवायचं. अटी कडक होत्या. वाक्यं कुठल्याही पुस्तकातली नकोत, वाचून काहीतरी अर्थ लागला पाहिजे, आणि या कामाबद्दल घरच्यांपाशीही चकार शब्द काढायचा नाही. काढला, तर नाव यादीतून कायमचं कटाप.

आता कोरी करकरीत वाक्यं आणायची कुठून? शनिवारी दुपारी तिने डोळ्यांसमोर दिसेल ते कार्डांवर उतरवलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील वळणात. पुढे वाक्य, क्रियापदाची जागा रिकामी. मागे चार पर्याय. एकत्र ठेवली आणि सापडली तर अख्खा पेपर फुटायचा, म्हणून कार्डं तिने घरभर वेगवेगळी लपवली. आणि आपलं आपल्यालाच आठवावं म्हणून ज्याचं वाक्य त्याच्याच वस्तूपाशी. खुर्चीचं खुर्चीच्या गादीखाली, मिशांचं दाढीच्या डब्यात, सासूबाईंचं साखरेच्या डब्याखाली. एवढी शिकलेली बाई, पण डोकं चालतं तेव्हा जरा जास्तच चालतं.

रविवारी सकाळी नवरा मिशा कातरायला न्हाणीघरात गेला आणि बाहेर आला तो सफाचट. बारा वर्षं तेल लावून जपलेल्या मिशा. तिने कारण विचारलं, तर म्हणाला, सहज. पण त्याच्या खिशातून कार्डाचा कोपरा डोकावत होता: 'नवऱ्याच्या मिशा आता कोणालाच ______.' बिचाऱ्याने मागची बाजू पाहिलीच नव्हती. रिकामी जागा त्याने मनातल्या मनात भरून टाकली होती.

ती स्वयंपाकघरात धावली. एरवी पाणी उकळत ठेवलं तरी दहा सूचना करणाऱ्या सासूबाई गप्प बसून भाजी निवडत होत्या. साखरेचा डबा जागचा हलला होता. त्याखालचं वाक्य तिला तोंडपाठ होतं: 'सासूबाईंच्या सूचना दिवसभर ______.' ती काही बोलणार, एवढ्यात जिन्यात धडधड झाली. सासरे आरामखुर्ची उचलून एकेक पायरी चढत होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत निघाले होते. नवरा मदतीला गेला, तर त्यालाही झिडकारलं.

सूनबाईला गादीखालचं वाक्य आठवलं. 'सासरे आणि त्यांची आरामखुर्ची उद्या गच्चीवर ______.'

खरं सांगावं, तर नऊ वर्षांची वाट पाण्यात. न सांगावं, तर म्हातारा माणूस तापल्या पत्र्याखाली, सासूबाईंनी बोलणं टाकलेलं आणि नवऱ्याचं तोंड सोललेल्या बटाट्यासारखं. तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले. गेला खड्ड्यात तो पेपर, असं म्हणून तरातरा गच्चीवर गेली.

"अप्पा, खाली चला. त्या कार्डाचं काय आहे, ते मी सगळं सांगते."

"एक अक्षर सांगू नकोस," सासरे म्हणाले. "रविवारी तुझी सासू गाद्या झटकते. पेपराला परक्याने हात लावायचा नसतो, म्हणून खुर्चीसकट वर आणला. मी वाचलेलं नाही." त्यांनी गादी सारखी केली. "चौथा पर्याय मात्र फारच सोपा आहे."

सासऱ्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. आत दोऱ्याने बांधलेली कार्डं होती, पिवळी पडलेली, छापील वळणातली. सगळ्यात वरच्या कार्डावर लिहिलं होतं: 'बायको आणि तिचा भाऊ पंधरा दिवस ______.'

"सव्वीस वर्षं काढले पेपर," ते हळूच म्हणाले. "तुझ्या सासूला अजून पत्ता नाही."

दोघं खाली आली. सासूबाईंनी पदराआडून एक पाकीट काढलं आणि न बोलता सुनेच्या हातात दिलं. आत साखरेखालचं कार्ड होतं, मुंग्या झटकून पुसलेलं. मग सासऱ्यांकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सासरे चपापले. सव्वीस वर्षं पेपराच्या दिवसांत बायको घरात एवढी शांत का असते, याचं खरं कारण त्यांना आत्ता कळलं. आपल्या धाकाने, अशी त्यांची समजूत होती.

राहिला एकटा नवरा. तो आरशासमोरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"खरंच आवडत नव्हत्या कोणाला?"

"मला आवडायच्या," सूनबाई म्हणाली. "परत वाढव."

"मग हे लिहिलं कोणी?" त्याने खिशातलं कार्ड काढलं आणि मागची बाजू बघायला ते उलटं करू लागला.

सासरे खोकले. सूनबाईची नऊ वर्षं त्या दोन बोटांत येऊन थांबली होती.

"मी," सासूबाई म्हणाल्या. पेपर घरात असताना त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. त्यांनी कार्ड त्याच्या हातातून काढून सुनेकडे दिलं. "बारा वर्षं सांगायचं राहून गेलं होतं. तोंडावर सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," तो म्हणाला, आणि ओठावरून हात फिरवत समाधानाने चहा मागायला लागला.