मेरनचा डावा हात

पडद्यावरून आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं लॉर्नाचं स्वतःचं ठाम मत होतं. "शेजारी बसलेल्या आईला जे दिसत नाही, ते मला तीनशे मैलांवरून दिसतं!" असं ती जेवताना नवऱ्याला ऐकवायची. नवरा बटाटे खात राहायचा.

लॉर्ना ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुलांच्या बोटांचं पेन्सिलीशी, कात्रीशी, बटणांशी जमवून देणारी. बिलिंग्जच्या घरात बसून ती मोंटानाच्या पार पूर्व टोकाच्या शाळांतली मुलं बघायची. तिथले तिचे हात म्हणजे आर्डिथबाई. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, आता मदतनीस.

सात वर्षांच्या मेरनसाठी कागदावर एकच ध्येय होतं: वाचता येईल असं एक वाक्य लिहिणं. मेरनचं ध्येय निराळं. थेरपी असायची मंगळवारी, नेमकी खेळाच्या तासाला! एप्रिलच्या बैठकीत ध्येय गाठलं असं ठरलं, की तो तास तिला परत मिळणार होता.

जुन्या कॅमेऱ्यात मेरनचं नुसतं कपाळ दिसायचं. फेब्रुवारीत शाळेनं थेट कागदावर रोखलेला नवा कॅमेरा लावला आणि लॉर्ना खुर्चीतून उठलीच. मुलगी चक्क डावखुरी! आणि अक्षरं सगळी उलटी!

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" ती विजयानं म्हणाली आणि डावखुऱ्यांची खास कात्री टपालानं पाठवून दिली.

पुढच्या मंगळवारी कात्री मेरनच्या हातात होती.

"आर्डिथबाई, उजव्या हातात कशाला दिलीत? डाव्यात द्या!"

"डाव्यातच आहे."

"अहो, उजव्यात आहे!"

"बाई, तेहतीस वर्षं मी सुरी धरलीय. डावा हात कुठला ते मला कळतं!"

लॉर्नानं वहीत नोंद केली: मदतनिसांचाही दिशांचा गोंधळ.

एप्रिलची बैठक आली. मेरनची आई, मुख्याध्यापक, आर्डिथबाई, सगळे मेरनच्या टेबलाभोवती. पडद्यावर लॉर्ना. मेरननं जीभ दाताखाली धरून, हळूहळू वाक्य लिहिलं. लॉर्नाच्या पडद्यावर सुरेख, सरळ अक्षरं उमटली: 'मला खेळाचा तास परत हवा.'

"बघा!" लॉर्नानं टाळी वाजवली. "नऊ आठवड्यांत!"

आईनं कागद उचलला. "हे काय? सगळं उलटं! हिला आधी सरळ येत होतं हो!"

"उलटं कुठंय? सरळ आहे!"

"बाईंचं नेहमी असंच असतं," आर्डिथबाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या.

"त्यांना उलटं दिसतं," मेरन शांतपणे म्हणाली. "पडद्याच्या कोपऱ्यात आपलं चित्र येतं ना, त्या चौकोनात माझा हातपण उलटा दिसतो. म्हणून त्यांना वाचता येईल असं लिहिलं."

मुख्याध्यापक खाकरले. "लॉर्नाबाई, या कॅमेऱ्याला आरशासारखं दाखवायचं बटण असतं का हो?"

लॉर्ना घाईघाईनं शोधायला लागली. तेवढ्यात मेरननं कॅमेऱ्याकडे हात पुढे केला. टक्! टेबल, कागद, आर्डिथबाई, सगळं जग जागेवर आलं.

"हे बटण तुला माहीत होतं?"

"हो."

"अगं, मग दाबलं का नाहीस?"

"बटणानं सरळ झालं असतं, तर ते मी केलं असं धरलं नसतं ना तुम्ही!" म्हणत मेरन दाराकडे पळाली. खेळाचा तास अजून दहा मिनिटं बाकी होता.

लॉर्नानं अहवालात लिहिलं: ध्येय गाठले. 'कोणत्या उपचाराने' ही ओळ मात्र तिनं कोरी ठेवली.