कुरुंदवाडपर्यंत बिनहॉर्न

दस्तगीर मामा गाडी स्टिअरिंगनं कमी आणि हॉर्ननं जास्त चालवतात. वळणावर एक लांब, ओळखीच्या माणसाला दोन आखूड, आणि आमच्या आईला तीन, कारण ती त्यांना राखी बांधते. एसटीत जन्म घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर तरी गप्प बसेल, अशी गल्लीची भाबडी आशा होती. मामांनी पहिल्याच महिन्यात एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि तिला चार सुरांचा हॉर्न बसवला. तो बंद पडला तर हे गाडी ढकलत नेतील, पण चालवणार नाहीत, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

दुसरा हट्ट असा, की गल्लीतली मुलगी सासरी जाणार ती त्यांच्याच गाडीतून. भाडं नाही, तेलही त्यांचंच. "पोरगी गारेगार गेली पायजे," एवढंच म्हणणं. आजवर एकही नवरी दुसऱ्या गाडीत बसली नव्हती.

मग माझ्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न आलं. सासर कुरुंदवाडचं. मे महिन्यातला रविवार. जेवणं उरकल्यावर मामांनी गाडी गार करायला एसी लावला, तर आतून भट्टीसारखा वारा! नेमका त्याच वेळी नवऱ्या मुलाचा काका तिथं आला. त्यानं एसीच्या जाळीपुढं हात धरला आणि झटकन मागं घेतला. "ऱ्हावू द्या पावणं. आमची नवी गाडी हाय की. तासाभरात निघायचंय."

मामांचा चेहरा पडला. क्षणभरच.

"तासभर हाय न्हवं? मग तासभर बोलायचं न्हाय!" डोक्यावरचा फेटा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि बॉनेट उघडलं.

कोल्हापुरात उघड्या बॉनेटभोवती जमायला आमंत्रण लागत नाही. आचारी आला, बँडवाले आले, आणि प्रत्येकानं एकच निदान केलं: गॅस संपला.

"गॅस गेल्या आठवड्यात भरलाय! गप ऱ्हावा, ऐकू द्या!" मामा ओरडले. मला आत बसवून त्यांनी बटण दाबायला लावलं. पंखा घोंघावत होता, पण कॉम्प्रेसर चालू होताना जो 'टक्' आवाज येतो, तो येईना. "टक् न्हाय! ऐकलं का? टक् न्हाय!" चोर सापडल्यासारखे मामा खूश.

फ्यूज उन्हात धरून पाहिला. धडधाकट. मग बॅटरीवरून थेट एक वायर कॉम्प्रेसरला लावली. टक्! बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कॉम्प्रेसर जित्ता हाय! मधला रिले मेलाय!" रिले म्हणजे वीज पुढं पाठवणारी काडेपेटीएवढी काळी डबी. मामांनी ओळखीच्या तिघांना फोन लावले. दोघं लग्नात होते, तिसरा आजऱ्याला. दुकानं बंद. वीस मिनिटं उरली.

"वायर तशीच ठेवूया की," मी म्हणालो.

"आन् तापली म्हंजे? पोरगी बसणार हाय आत!"

ते पुन्हा बॉनेटमध्ये वाकले आणि तसेच राहिले. मेलेल्या रिलेशेजारी हुबेहूब तसाच दुसरा होता.

"हा कशाचा, मामा?"

मामांनी डबीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग हळूच, "हॉर्नचा."

मला हसू आलं, पण त्यांच्याकडं बघून गिळलं. मामांनी डोळे मिटून तो रिले उपटला, शेजारच्या जागेत दाबून बसवला. टक्! गार वारा आला आणि मी फेट्यासकट उड्या मारल्या. बँड कुणी न सांगताच सुरू झाला. काकानं जाळीपुढं हात धरला, तो या वेळी काढेचना.

कुरुंदवाडपर्यंत बिनहॉर्न! सवयीनं मामांचा तळवा स्टिअरिंगवर आपटायचा, आवाज यायचा नाही. मग काच चार बोटं खाली करून ते स्वतःच हॉर्न झाले. "सरका की पावणं! नवरी हाय!" म्हशींचा कळप आडवा आला, तर खाली उतरून त्यांनी एकेकीला हातानं बाजूला केलं. मी पुढच्या सीटवर हसून लोळत होतो.

शिरोळच्या पुढं पल्लवी झोपली. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मामांनी आरशात पाहिलं आणि काच वर घेतली. समोर कडब्याची ट्रॉली होती. तिच्यामागून ते मुंगीच्या पावलानं गेले, एक शब्द न काढता.

नवऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"मामा, ते काय घर, दिसतंय की," पल्लवीशेजारी बसलेला जावई म्हणाला.

"दिसतंय," मामा मागं वळून हलक्या आवाजात म्हणाले. "जावईबापू, आमच्या हिला मी असंच भर उन्हात टेम्पोतनं आणलं. उतरली आन् आईनं तशीच चुलीपुढं बसवली. घरभर पावणं. भाकरी थापताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी काय बोललो न्हाय." जरा थांबून म्हणाले, "आता बोलीन म्हटलं, तर ती न्हाय."

जावयाचा फोन वाजायला लागला. त्यानं झोपलेल्या पल्लवीकडं पाहिलं आणि फोन बंद केला. माझे डोळे भरून आले. या माणसाच्या हॉर्नला मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

पाव तासानं पल्लवीनं डोळे किलकिले केले. "मामा, आलं का घर?"

पन्नास पावलांवर ओवाळणीचं ताट घेतलेल्या बायका हात हलवून बोलवत होत्या.

"अजून लांब हाय, बाळ," मामा म्हणाले. "झोप."