हरीशची अनोळखी इटली

रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स ही नावं हरीश गायकवाडसमोर काढायची सोय नव्हती. तिथे काय, कोणीही जातं. हरीश जायचा ती गावं लंडनजवळच्या हॅरोतल्या मराठी मंडळींनी ऐकलेलीसुद्धा नसत, आणि ऐकलेली नाहीत हे कळलं की त्याचा चेहरा खुलायचा. १९८९च्या नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी त्याने हॉलचे पडदे ओढले, चौदा माणसं दाटीवाटीने बसवली आणि प्रोजेक्टर लावला. ईस्टरला मिनीबस काढून या सगळ्यांना आपली इटली दाखवायची, हे त्याचं दोन वर्षांचं स्वप्न होतं. आज मंडळी हो म्हणाली तरच बस ठरणार होती.

"हे आंगियारी. मिडीव्हल टाउन, टेकडीवर. टूरिस्ट नाहीत, काही नाही. हा फोटो घ्यायला मी फॉर्टी मिनिट्स थांबलो, लोक फ्रेममधून जाईपर्यंत. आपला मराठी माणूस इथे कधी पोचलेला नाही, गॅरंटीड."

बस चालवायचं कबूल केलेला पद्माकर कुठे डावीकडे वळायचं, कुठे उजवीकडे, ते वहीत लिहून घेत होता.

"पाण्याची कुंडी डाव्या हाताला हाय," मागून आवाज आला.

ते हरीशचे वडील, सुखदेवआबा. साताऱ्याकडून सहा महिन्यांसाठी आले होते आणि आल्यापासून बहुतेक गप्पच होते.

"आबा, राइटला आहे. दिसतंय ना समोर."

"चढताना डाव्या हाताला."

"आबा, मी स्वतः जाऊन आलोय तिथे," हरीश म्हणाला. पाहुण्यांसमोर आवाज जरा चढलाच.

तेवढ्यात पद्माकरची बायको अलका पडद्याजवळ गेली. "हरीश, या दुकानाची पाटी बघ. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आहेत."

स्लाइड उलटी घातली होती. हरीशने घाईघाईने बाकीच्या तपासल्या, तर साठच्या साठ उलट्या. पद्माकरने वहीची चार पानं शांतपणे फाडली. "म्हणजे मी सगळ्यांना दरीत घातलं असतं," तो म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. हरीशही नाइलाजाने हसला.

"पण आबा, तुम्हाला कसं कळलं?" हरीशच्या बायकोने, सुप्रभाने विचारलं.

"चव्वेचाळीस साली खेचरं घिऊन चढलो की. फौजेत खेचरांच्या कंपनीत व्हतो मी. त्याच कुंडीवर जनावरं पाणी प्याली. गावाचं नाव काय, ते आज कळलं." आबा पडद्याकडे बघत राहिले. "गावातल्या बाया पाव द्यायच्या, आमी त्यांना डाळ द्यायचो. आमच्यातले आठ जण तिकडच्याच मातीत ऱ्हायले."

हरीशने हातातली स्लाइड खाली ठेवली. वडील लढाईत होते, एवढंच हरीशला ठाऊक होतं. कुठल्या देशात, हे त्याने मनातही आणलं नव्हतं, आणि त्याला त्याची मनापासून लाज वाटली.

"बस ठरली," पद्माकर म्हणाला. "पण आबा पुढच्या सीटवर."

एरवी पुढच्या सीटवरून हरीशने वाद घातला असता. आज तो खालीच बसला, आबांच्या पायांशी.

"आबा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कवा? तू सांगत व्हतास."

मग हरीशने विचारलं, "त्या आठ जणांची नावं काय होती?"